उत्तर नको, अर्थ सांगा

आमच्या इथल्या, हॅम्बर्गच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एक काकू भेटल्या. मुलाकडे राहायला आल्या होत्या. "तू काय करतेस गं इथे?" मी म्हटलं, "भाषांतराचं काम करते." "जर्मनचं मराठी?" "नाही काकू, इंग्रजीचं ग्रीक केलेलं असतं, ते तपासते." हातातला मोदक तसाच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं बाई. आणि ते कुणाला लागतं?"

प्रश्न रास्त आहे. माझ्या सासूबाईंनाही तो बरीच वर्षं पडला होता. एकदा मी त्यांना फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे एकाने शिवलेलं दुसरीने उसवून बघायचं." याहून चांगली व्याख्या मला आजवर सुचलेली नाही.

मी पुण्यात इंग्रजी घेऊन एम. ए. केलं आणि नवऱ्याला हॅम्बर्गच्या विमान कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथे आले. इथल्या विद्यापीठात भाषाशास्त्राला नाव घातलं तेव्हा आणखी एक परकी भाषा घेणं सक्तीचं होतं. स्पॅनिशचा वर्ग भरलेला, फ्रेंचचाही भरलेला. ग्रीकच्या वर्गात मात्र ऐसपैस जागा. मला वाटलं होतं, पुराणातली काही भाषा असेल. निघाली आजची, बाजारात टोमॅटो निवडून घ्यायची ग्रीक. शिकताना सारखं वाटायचं की ही आपण आधी कुठेतरी ऐकली आहे, शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलत असताना, अर्धवट झोपेत. तशी मी पहिल्यापासूनच अशी. आई म्हणायची, ही पोरगी बसल्या जागी हरवते. शाळेत त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण या धंद्यात तेच कामाला आलं. एका वाक्याकडे तासभर नुसतं बघत बसणं याला आमच्याकडे काम करणं म्हणतात.

काम काय असतं ते सांगते. इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टर मनाच्या दुखण्यांसाठी प्रश्नावल्या तयार करतात. 'गेल्या महिन्यात तुम्हाला असं वाटलं का?' असं वर लिहिलेलं असतं आणि खाली एकेक वाक्य. समोर पर्याय असतात, कधीच नाही, कधीकधी, नेहमी. वाक्यं लिहिणारे इंग्रजी बोलणारे, त्यामुळे त्यांचं दुःखही इंग्रजी वळणाचं. साध्या क्रियापदाला अप, डाउन, ऑफ अशी शेपटं जोडायची त्यांना भारी हौस. गिव्ह म्हणजे देणं, पण गिव्ह अप म्हणजे हात टेकणं. पुट म्हणजे ठेवणं, पण पुट अप विथ म्हणजे सोसणं. कोशात बघून शब्दाला शब्द ठेवला, तर ग्रीक आजोबांना वाटायचं डॉक्टरचंच डोकं फिरलंय.

म्हणून दोन ग्रीक माणसं वेगवेगळी बसून भाषांतर करतात. मग त्या दोन्हींचं मिळून एक होतं. ते माझ्याकडे येतं. मूळ इंग्रजी मला दाखवत नाहीत. मी समोरच्या ग्रीकचं पुन्हा इंग्रजी करायचं, आणि मग माझं इंग्रजी आणि मूळ इंग्रजी शेजारी ठेवून कुठे काय सांडलं ते शोधायचं. सासूबाईंचं उसवणं म्हणतात ते हेच.

यात गमती फार. इंग्रजाला एखादी गोष्ट कळली नाही की तो म्हणतो, मला हे सगळं ग्रीक आहे. जर्मन माणसाला तेच स्पॅनिश वाटतं. ग्रीक माणूस म्हणतो, चिनी आहे. मराठी माणूस बिचारा कुणा परक्याला मध्ये ओढत नाही, आपल्याच डोक्यावरून गेलं म्हणतो. इंग्रजांकडे धो धो पावसात कुत्री-मांजरं पडतात, ग्रीसमध्ये खुर्च्यांचे पाय पडतात. हॅम्बर्गला आठवडाभर बारीक रिपरिप चालते, तिच्यासाठी मात्र कुठल्याच भाषेत काही बरं सापडत नाही.

आमचा मुख्य ग्रीक भाषांतरकार यानिस. थेसालोनिकीचा, माझ्याच वयाचा. त्याला हॅम्बर्गची थंडी कधीच मानवली नाही, त्यामुळे तो मे महिन्यापर्यंत कोट घालूनच काम करायचा. दुपारी संत्रं सोलून सालं हीटरवर वाळत घालायचा आणि आमची सगळी खोली त्या वासाने जड व्हायची. एका प्रश्नावलीत 'माझ्या पोटात फुलपाखरं उडतात' असं होतं, म्हणजे भीतीने. यानिस सुट्टीवर होता, दुसऱ्या कुणीतरी ती फुलपाखरं तशीच ग्रीकमध्ये सोडली. आम्ही ते वाक्य एका म्हाताऱ्या खलाशाला वाचून दाखवलं. तो खुशीत येऊन म्हणाला, "या वयात? कोण आहे ती?" ग्रीकमध्येही फुलपाखरं उडतात, पण प्रेमात पडल्यावर. यानिसने परत आल्यावर तिथे पोट आवळलं. मी मनात म्हटलं, आपल्याकडे गोळा आला असता.

दुसरं एक वाक्य असं होतं की एखादी गोष्ट माणसाला खचवते. इंग्रजी म्हणतं, ती मला खाली नेते. यानिसचं ग्रीक उसवलं तर माझ्या हातात आलं, 'ती मला खालून धरते.' आमच्या मालकीणबाई, फ्राऊ ब्रांट, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे नक्की कोण धरतं खालून?" यानिस म्हणाला, "तेच तर कळत नाही, म्हणून तर माणूस खचतो." संध्याकाळी मी बंदरातल्या फेरीबोटीने घरी निघाले. धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ नव्हताच. मोठं जहाज कुठेतरी जवळून गेलं असावं, दिसलं नाही, पण पाणी उचललं गेलं आणि आमची बोट अलगद वर होऊन पुन्हा खाली बसली. तेव्हा ते वाक्य मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी फ्राऊ ब्रांटना सांगितलं, बदलू नका, बरोबर आहे.

कामाची शेवटची पायरी म्हणजे मुलाखती. तयार झालेली वाक्यं साध्या माणसांना एकेक करून वाचून दाखवायची आणि विचारायचं, "तुमच्या शब्दांत याचा अर्थ सांगा." बस, एवढंच. तुम्हाला असं वाटतं का, हे विचारायचं नाही. आम्हाला उत्तर नको असतं, अर्थ हवा असतो. मान डोलवायची नाही, अरेरे म्हणायचं नाही, सल्ला तर मुळीच नाही. रेकॉर्डिंगचं मशीन सुरू ठेवायचं आणि ऐकायचं. फ्राऊ ब्रांट या नियमाबाबत फार कडक होत्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. आपण हळहळलो की पुढचं वाक्य ऐकताना समोरचा माणूस आपल्याकडे बघून अर्थ लावायला लागतो. मी हे काम चांगलं करायची. आपण नाहीच आहोत असं बसणं मला लहानपणापासून जमतं.

एका वर्षी आम्हाला वयस्कर ग्रीक माणसं हवी होती, जर्मनीत कामाला येऊन इथेच राहिलेली. वासिलिकीबाई त्यांतल्याच एक. नाव अर्थातच बदललेलं आहे. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, काळा स्वेटर, पायात पांढरे नवे कोरे बूट. आमचं ऑफिस आल्टोनाला नदीकाठच्या एका जुन्या मासळीच्या कारखान्यात आहे. आता तिथे काचा, झाडं, कॉफीचं मशीन. त्या आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"इथे पट्टा होता," त्या म्हणाल्या. "हेरिंग मासळी यायची त्याच्यावरून. मी त्या खिडकीशी उभी असायची."

"तुम्ही इथे काम केलंय?"

"सव्वीस वर्षं. हात बघ." बोटं वाकडी झालेली होती. "बस, कोरीत्सी मू. कुठून सुरुवात करायची?" कोरीत्सी मू म्हणजे माझे पोरी. ग्रीक बायका कुणालाही म्हणतात, पण मला ते दर वेळी खरं वाटतं.

मी मशीन सुरू केलं आणि पहिलं वाक्य वाचलं. झोप लागत नाही, असं काहीतरी होतं. त्यांनी अर्थ अगदी नेमका सांगितला, आणि मग टेबलावर टकटक करायला हात उचलला. टेबल प्लास्टिकचं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीचा हात चाचपला. "हे लाकूड आहे ना?" मी हो म्हटलं. तेवढं बोलायची मुभा होती. त्यांनी खुर्चीच्या हातावर टकटक केलं आणि पुटपुटल्या, "आमच्यापासून लांब." ग्रीक माणसं हे करतातच. वाईट गोष्टीचं नाव निघालं की लाकडावर बोट वाजवून तिला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. मला त्यात नवल नव्हतं. आपणही घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि दुकान बंद करत नाही, वाढवतो.

मग दर वाक्याला तेच. भूक लागत नाही. टकटक. कशात मन लागत नाही. टकटक. चिडचिड होते. टकटक, आणि वर थोडं हसू, कारण ते नवऱ्याचं वर्णन होतं म्हणे. बाहेर पाऊस होता, खोली उबदार होती. त्या मराठवाड्यातल्या एखाद्या मावशीसारख्या एका लयीत बोलत होत्या. माझं लक्ष अर्धं शब्दांवर आणि अर्धं त्या लयीवर. वाक्य, अर्थ, टकटक. हॅम्बर्ग कुठल्या कुठे राहिलं होतं.

मग मी यानिसचं लाडकं वाक्य वाचलं. 'सगळं सोडून द्यावंसं वाटलं.' इंग्रजीतलं गिव्ह अप. त्यावर आम्ही तिघांनी आठवडाभर डोकं फोडलं होतं. सगळं म्हणजे काय काय, असं फ्राऊ ब्रांटनी विचारलं, तर यानिस म्हणाला होता, ते ज्याचं त्याला माहीत असतं.

वासिलिकीबाई म्हणाल्या, "म्हणजे समज एक बाई आहे. तिची मुलगी लांब असते. रोज सकाळी फोन करते, आई, गोळ्या घेतल्यास का? हृदयाच्या. बाई म्हणते, घेतल्या. आणि गोळ्या जिरॅनियमच्या कुंडीत पुरते."

नियमाप्रमाणे विचारायचं असतं, "आणखी काही?" तेवढं विचारलं.

"आणखी काय. झाड छान वाढतंय."

आणि दोन्ही हात मांडीवर तसेच. खुर्चीच्या हाताकडे गेले नाहीत.

मी वाट बघितली. मशीनचा लाल दिवा जळत होता. खिडकीबाहेरून फेरी गेली. मी पुढचं वाक्य वाचलं. लोकांना भेटावंसं वाटत नाही. त्यांनी अर्थ सांगितला आणि लाकडावर टकटक केलं. शेवटच्या वाक्यापर्यंत कुठेही चुकल्या नाहीत. तेवढ्या एकाच वाक्याला त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं नव्हतं. ते आत आलेलं होतं, आणि माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं. मशीनमध्ये टकटक ऐकू येते. न केलेली टकटक कुणाला ऐकू यायची?

अशा वेळेसाठी आमच्याकडे एक कागद असायचा, मदतीच्या फोन नंबरांचा. तो मी त्यांच्यापुढे सरकवला. तो जर्मनमध्ये होता. त्यांनी त्याची व्यवस्थित घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. "बारीक आहे, मला दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि कोट घालायला उठल्या. एक बाही घातली, दुसरी सापडेना. मी ती धरून दिली. त्यांच्या खांद्याची हाडं हाताला लागली.

मला भीती वाटली. नियम मोडण्याची नाही, ही बाई आता या दारातून बाहेर जाईल आणि उद्या सकाळी पुन्हा कुंडी उकरेल याची. आणि मला तर नुसता अर्थ नोंदवून ठेवायचा होता, अर्थ समजला, बदलाची गरज नाही.

मी मशीन बंद केलं. "वासिलिकीबाई, जरा बसता का?"

त्या कोटासकट बसल्या.

"मला एक विचारायचंय. तुम्हाला असं वाटलंय का? सगळं सोडून द्यावंसं?"

"हे तुझ्या कामातलं आहे?"

"नाही."

त्यांनी मशीनकडे पाहिलं. दिवा विझलेला होता. "मग परत विचार," त्या म्हणाल्या. "हळू विचार."

मी परत विचारलं. यानिसच्याच शब्दांत, कारण त्याहून चांगले शब्द माझ्याकडे नव्हते.

"हो," त्या म्हणाल्या.

पाऊस थांबला होता बहुतेक, काचेवरचे थेंब उगीच एकमेकांत मिसळत खाली येत होते. हळूहळू त्या बोलल्या. नवरा गेल्याला वर्ष होत आलं होतं. दर उन्हाळ्यात दोघं ग्रीसमध्ये कावालाजवळच्या गावी जायची, यंदा त्या गेल्या नव्हत्या. तिकडच्यांना वाटत होतं, त्या जर्मनीत मजेत आहेत. इकडच्यांना वाटत होतं, उन्हाळ्यात गेल्या असतील. मुलगी लांब दक्षिणेत, त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात. तिच्या शिफ्टा बदलत्या, दोन लहान पोरं. "तिला काय सांगू?" त्या म्हणाल्या. "ती विचारते, गोळ्या घेतल्यास का. तिला तेवढंच विचारता येतं."

"तिला फोन करू का?"

"आज नको. आज कामावर असेल, घाबरेल."

"मग डॉक्टरांना करू?"

त्यांनी पर्स उघडून मला विम्याचं कार्ड दिलं. तिच्यात हाउसआर्त्स्टचं, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरचंही कार्ड होतं. फोनवरची मुलगी म्हणाली, टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, दोन आठवड्यांनंतरची मिळेल. मी आयुष्यात जर्मनमध्ये कधी भांडले नव्हते, व्याकरण चुकेल या भीतीने. त्या दिवशी भांडले, आणि व्याकरण चुकलंच, पण लगेचची वेळ मिळाली. आम्ही एस-बानने, इथल्या लोकलने, डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर जर्मन, तरुण, जरा गांगरलेला. तो विचारायचा, मी ग्रीकमध्ये सांगायची, त्या सांगायच्या, मी जर्मनमध्ये सांगायची. सगळी उत्तरंच होती. किती वर्षांत मी कुणाचं उत्तर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं, आणि वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी फ्राऊ ब्रांटना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मुलाखत वापरता येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"आणि यापुढे मुलाखती तुम्ही घेऊ नका. रागाने म्हणत नाही. तुम्हाला आता प्रत्येक वेळी विचारावंसं वाटेल."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं. कारण ते खरंच होतं.

त्या कामाची मला आजही आठवण येते. माणसं समोर बसायची, आपापल्या शब्दांत दुःखाचे अर्थ सांगायची, ते गेलं. मी पुन्हा माझ्या उसवण्याकडे आले. यानिसला मी गोष्ट सांगितली तेव्हा त्याने आधी सगळं संत्रं सोललं. मग एकच विचारलं, "वाक्य कळलं होतं ना तिला?"

"कळलं होतं."

"मग ठीक," तो म्हणाला आणि अर्धं संत्रं मला दिलं. त्याला भाषांतराचा अभिमान वाटत होता आणि त्या अभिमानाची लाजही वाटत होती. मला दोन्ही समजत होतं.

पुढे ती प्रश्नावली पक्की होऊन दवाखान्यांत गेली. दुसऱ्याच कुठल्या तरी कामात, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांमध्ये, मी बुडून गेले. माझ्या मुलीला एकदा मी हे सगळं मराठीत सांगितलं. तिने जर्मनमध्ये विचारलं, मग आता ती बाई कशी आहे? मला सांगता आलं नाही. त्यांची मुलगी उत्तरेला येऊन आईजवळ महिनाभर राहून गेली, एवढंच कळलं होतं. फोन करावा असं कितीदा वाटलं, पण काय विचारायचं, तेच सुचत नव्हतं.

मग एका दुपारी त्यांचाच फोन आला. मी फेरीची वाट बघत धक्क्यावर उभी होते.

"कोरीत्सी मू, मी आज डॉक्टरकडे गेले होते. त्याने मला एक कागद भरायला दिला, ग्रीकमध्ये. तू वाचलेली सगळी वाक्यं त्यात आहेत."

"हो, ते छापून झालंय आता."

"ते आपलं वाक्यही आहे. सगळं सोडून द्यावंसं वाटलं."

आपलं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, "मग?"

"मग काय. अर्थ मला ठाऊक होता, खूण कुठे करायची तेवढं ठरवायचं होतं. 'कधीच नाही'वर हात गेला होता, खरं सांगते. मग 'कधीकधी'वर केली. डॉक्टरने ते बघितलं आणि म्हणाला, थांबा, जरा बोलू. त्याला ग्रीक येत नाही, माझं जर्मन मासळीच्या कारखान्यातलं. तरी पुष्कळ वेळ बोललो." पलीकडे त्यांच्या घरात नळ चालू होता, त्या काहीतरी धूत असाव्यात. "बाहेर लोक खोळंबले होते. त्याने दोनदा दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, खोळंबू देत."